वर चढलेली यादी

सोमवार, ३

ही वही दादाने दिली. देताना म्हणाला, "रोज लिहीत जा. म्हणजे पाचव्या दिवशी पळून जाशील तेव्हा का पळालीस ते तरी आम्हाला कळेल." वहिनी हसली. मीही हसले. रागवायला तोंड कुठे आहे? फोटो स्टुडिओ, होडीची तिकिटं फाडणं, कुलपं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याच्या हाताखाली चार महिने, आणि कॉलेज, तेही दोनदा. दादाने माझं नावच ठेवलंय, आरंभशूर.

या वेळचा आरंभ असा. दादाने शब्द टाकून मला ज्या कार्यालयात चिकटवलंय तिथे संगणकांवर नवी यंत्रणा बसवतायत. कडक बंदोबस्ताची. तिच्यात प्रत्येक फाइलीला लेबल असतं आणि प्रत्येक माणसालाही. ती सांभाळणारी माणसं तयार करायला पाच आठवड्यांचं प्रशिक्षण आहे. प्रमाणपत्र मिळालं तर मी कायम. नाही मिळालं तर होडी आहेच.

प्रशिक्षणाच्या दारात पहाऱ्याला मामा बसतात, सगळ्यांचेच मामा. फोन त्यांच्या पेटीत टाकायचा आणि त्यांच्या वहीत वेळ लिहायची. आत कधी, बाहेर कधी, चहाला गेलं तरी. पेनाला सुतळी बांधलेली.

"मामा, पेन पळून जातं का?"

"पेन कुठलं पळतंय? पेनवाले पळतात."

मंगळवार, ४

शिकवायला मॅडम आहेत. पांढरे केस बारीक कापलेले, आवाज इतका हळू की आपोआप सगळे गप्प बसतात. खोलीला खिडकी नाही. आज त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवते, कारण मला उद्यापर्यंत काही आठवत नाही.

पडद्यावर सगळ्यात वर एक पट्टी असते. हिरवी म्हणजे खुलं, कुणीही बघावं. पिवळी म्हणजे मोजक्यांनी. लाल म्हणजे अगदी गुप्त. आपल्यापेक्षा वरचं वाचायचं नाही आणि आपल्यापेक्षा खालच्यात लिहायचं नाही. खाली का नाही, असं मी विचारलं. म्हणाल्या, "वर ऐकलेलं खाली बोललं की गुपित संपलं. बोलणारा सज्जन असला तरी." म्हणजे इथली माहिती फक्त वर जाते, खाली येत नाही. आमच्या घरी नेमकं उलटं आहे. दादाला कळलेलं वहिनीला, वहिनीला कळलेलं सगळ्या जिन्याला.

दुसरं म्हणजे, या यंत्रणेत सगळं करू शकणारा असा एकही माणूस नाही. "जुन्या यंत्रात एक मालक असायचा, त्याला सगळं दिसायचं. इथे देव नाही," मॅडम म्हणाल्या. मागून आवाज आला, "मग आमच्या साहेबांनी जायचं कुठे?" सगळे हसले. मॅडमसुद्धा.

तो आवाज काकांचा. माझ्याच कार्यालयातले, रेकॉर्ड रूममध्ये सत्तावीस वर्षं. आमची जोडी लावलीय. लेबलं बदलायची चावी काकांकडे, यंत्र चालवायची माझ्याकडे. मला लेबलाला हात लावता येत नाही, त्यांना यंत्राला. काका म्हणाले, "म्हणजे आपण दोघं मिळून एक माणूस. अर्धा म्हातारा, अर्धी पोरगी. बरंच बेढब आहे."

शेवटी मॅडम म्हणाल्या, "चूक होणारच. झाली की त्याच दिवशी सांगायची. त्या दिवशी ती चूक असते, दुसऱ्या दिवसापासून ती नोंद असते." तेवढ्यात पंख्याच्या पात्याला अडकलेली दोऱ्याची गुंडी दिसली आणि पुढचं ऐकायचं राहिलं.

शुक्रवार, ७. पट्टी: हिरवी

मीपण माझ्या वहीला पट्टी लावायची ठरवलीय. हिरवी असेल तर वहिनी, तू वाचलंस तरी चालेल. पिवळी असेल तर विचारून. लाल असेल तर हात लावलास तर बघ.

काका यादी करतायत. आमच्या कार्यालयातली दोनशे चौदा माणसं आणि कुणाला कुठल्या पट्टीपर्यंत मुभा. दोन बोटांनी टाइप करतात, आणि प्रत्येक नावाशी थांबतात. "हा? याला लाल दिलं तर दुपारपर्यंत गावभर. पिवळं." पुढच्या नावाला, "ही बाई स्वतःचा वाढदिवस सांगत नाही. लाल!" ही यादी नंतर आमच्याकडे खरीच वापरणार आहेत. बाकी सगळ्या फाइली सरावाच्या, बनावट. म्हणून तर इथे लिहायला हरकत नाही.

मंगळवार, ११. पट्टी: पिवळी

चहाला काकांनी सांगितलं. रेकॉर्ड रूम बंद होणार आहे. प्रमाणपत्र मिळालं तर ते यंत्रणेवर, नाही मिळालं तर गावाबाहेरच्या गोदामात, जिथे जुने गठ्ठे टाकलेत. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, ती तिथे काढायची. "गोदामात माणूस नसतं गं. सत्तावीस वर्षं माणसांना कागद काढून दिले मी. तिथे कोण मागायला येणार? वाळवी?" घरी मुलगी चिडवते, बाबांना टीव्हीचा रिमोट जमत नाही म्हणून. यांनी काय केलं, प्रमाणपत्र लावायला भिंतीत आधीच खिळा ठोकून ठेवला. बायको येता-जाता त्याला पिशवी अडकवते.

मी हसून हसून चहा सांडला. मामांच्या वहीवर.

शुक्रवार, १४. पट्टी: लाल

वहिनी, खरंच वाचू नकोस.

काका चहाला गेले. त्यांचं काम पडद्यावर उघडंच होतं. उठताना म्हणाले, "बंद करू का?" मी म्हटलं, "जा हो, मी बघते." मी बघते! बघायलाच तर बसले.

काकांकडे लेबलांची चावी, म्हणून त्यांचं लेबलांचं पान उघडं होतं, आणि त्या पानावर लाल फाइलींचीही नावं दिसतात. त्यात एक होती 'अंतिम निकाल'. परीक्षा व्हायचीय आणि निकाल तयार? बोट आपोआप गेलं. यंत्राने काहीतरी विचारलं, पट्टी बदलेल, चालेल का वगैरे. मी न वाचता होय दाबलं. सगळेच दाबतात.

आत एकच ओळ होती. "आता वरची पट्टी बघा."

लाल झाली होती.

मॅडमनी सोमवारीच शिकवलं होतं. ओल्या रंगाला हात लावला की मग ज्याला हात लावाल त्याला तो लागतो. लाल वाचलं की बसल्या जागी तुम्ही लाल, आणि त्यानंतर जे जतन कराल तेही लाल. मला आठवलं, पण अर्धवट. शेजारी काकांची यादी उघडी होती, सकाळपासूनच्या सव्वीस ओळी जतन केलेल्या नव्हत्या. मला वाटलं, मी सगळं बंद केलं तर त्या जातील. म्हणून जतन केलं. चांगल्या मनाने केलं. आणि बंद केलं.

काका आले. "अरे, बंद कसं?"

"तुम्ही उठलात ना. उघडं ठेवू नये, मॅडम म्हणतात."

"शहाणी आहेस," काका म्हणाले. आणि मॅडमना हाक मारून सांगितलं. आणि मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, की जोडीदार असा असावा.

मला वाटलं होतं, नंतर सांगेन. आधी ते कौतुक तरी खाली बसू दे.

सोमवार, १७. पट्टी: लाल

यादी नाही.

लाल गोष्ट पिवळ्याला दिसतच नाही. कुलूप दिसत नाही, दारही दिसत नाही, भिंतच. काका लेबलांचं पान न उघडता नेहमीसारखे पिवळ्यात आले आणि शोधत बसले. चष्मा काढला, पुसला, घातला. "दोनशे चौदा माणसं गं," एवढंच म्हणाले. मग हळूच, "मीच काहीतरी दाबलं असणार. घरी सांगू नको हं कुणाला." माझ्या घरी? मी कुणाला सांगणार?

जिभेच्या टोकावर होतं. आजच सांगितलं तर तीनच दिवस झालेत, आणि त्यातले दोन सुट्टीचे. पण शुक्रवारी कौतुक झालंय ना. ते परत कसं द्यायचं?

मंगळवार, १८. पट्टी: लाल

नोंदी तिसऱ्याच माणसाकडे असतात, वरच्या मजल्यावर. त्या ना मला पुसता येत, ना काकांना, ना मॅडमना. आज त्यांचा कागद आला. शुक्रवार, अकरा वाजून चौदा मिनिटं, काकांच्या नावाने लाल फाइल उघडली. अकरा सतरा, यादी लाल झाली.

मॅडमनी विचारलं, "काका, फाइल तुम्ही उघडलीत?"

काका त्या कागदाकडे बराच वेळ बघत होते. मग माझ्याकडे नाही, माझ्या खुर्चीकडे बघितलं. म्हणाले, "माझ्याच हातून झालं असेल."

"असेल की झालं?"

"असेल."

मॅडमनी तसंच लिहून घेतलं. विनाकारण लाल उघडणाऱ्याला प्रमाणपत्र देता येत नाही, असा नियम आहे. निर्णय शेवटच्या दिवशी. यादी खाली आणायलाही दोन माणसं लागतात, ते काम आमच्या जोडीला परीक्षेत करायचं.

मी पाणी प्यायला गेले. मामांनी विचारलं, "तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, खोलीला खिडकी नाही ना.

शुक्रवार, २१. पट्टी: लाल

दूध उतू गेलं. वहिनीची चप्पल तुटली. जिन्यात मांजरीला तीन पिल्लं झालीत, एकाचं शेपूट वाकडं आहे. यात लाल काही नाही, पण पट्टी आपोआप खाली येत नाही. नियमच आहे.

पळून जायचा विचार आला. पाचव्या दिवशी नाही, एकोणिसाव्या. होडीवाल्याला फोनही केला. म्हणाला, ये की. पण मी गेले तर नोंद काकांच्या नावावर कायमची. तशी राहिले तरी आहेच.

रविवार, २३. पट्टी: लाल

चौदा तारखेच्या पानावर तेलाचं बोट उमटलंय. माझंच असेल, खाताना लिहिते मी.

वहिनी आज फार प्रेमाने वागतेय. न मागता डोक्याला तेल लावून दिलं. म्हणाली, "काही बोलायचं असलं की केस विंचरताना बोलावं. तोंड दिसत नाही एकमेकींचं." मी म्हटलं, काही नाही. ती गुंता सोडवत राहिली.

बुधवार, २६. पट्टी: लाल

आजचा तास कंटाळवाणा. मॅडम म्हणाल्या, एकच नोंदवही कधीही खरी मानू नका, दोन शेजारी शेजारी ठेवा. यंत्राला फक्त नाव कळतं, खुर्चीवर कोण बसलं ते कळत नाही. उदाहरण म्हणून मामांची दारातली वहीसुद्धा आणून ठेवली होती. पेनाची सुतळी तिला तशीच लोंबत होती. मी सुतळीचं चित्र काढत बसले. मॅडम माझ्याच टेबलापाशी उभ्या राहून शिकवत होत्या, का कोण जाणे.

काका आता मला सारखं विचारतात, "काही म्हणत होतीस का?" मी काहीच म्हणत नसते. काल तीनदा विचारलं. म्हातारी माणसं एकदा लागली की लागली. परत त्यांनी सगळी यादी कागदावर आठवून लिहायला घेतलीय. एकशे साठ नावं आठवली. म्हणतात, "उरलेली चोपन्न कोण ते आठवत नाही. बिचाऱ्यांना मी कुठलीच पट्टी दिली नाही."

शुक्रवार, २८. पट्टी: लाल

कुलूपवाल्या म्हाताऱ्याची आठवण येते. एकदा एका बाईचं कपाट मी तारेने उघडलं आणि खूश होऊन नाचले. तो म्हणाला होता, "उघडणं सोपं. आता लावून दाखव." तारेने उघडलेलं कुलूप परत लागतच नव्हतं. संध्याकाळपर्यंत बसले होते आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलेच नाही. तेव्हापासून मी असंच करते. आज पहिल्यांदा लिहिलं हे.

सोमवार, १. पट्टी: लाल

आज ठरवून गेले होते. चहाच्या वेळी सांगायचं. काकांनी चहा आणला, माझा आधी. म्हणाले, "बायकोने आज खिळ्यावरून पिशवी काढली. म्हणाली, असू दे रिकामा, लागेल." आणि हसले. मी म्हटलं, "काका." ते लगेच म्हणाले, "हं?" कप खाली ठेवून वळलेसुद्धा.

मी म्हटलं, "साखर कमी आहे."

मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती.

शुक्रवार, ५. पट्टी: लाल, अजून

सावकाश लिहिते.

परीक्षा. आमच्या जोडीचं काम, यादी लालमधून पिवळ्यात उतरवणे. काकांनी आधी टाइप करायचं, मग मी पुष्टी द्यायची. दोघांचं जुळलं तरच यादी खाली येते. मॅडम मागे उभ्या.

यंत्र विचारतं, लेबल वर का गेलं? कारण लिहा. काका दोन बोटांनी लिहू लागले. "माझ्या नजरचुकीने." 'म' बराच वेळ सापडत नव्हता. लिहून झालं, ते बाजूला सरकले, मी पुढे.

माझ्या पडद्यावर त्यांची ओळ आली. तिच्याखाली, "वरील कारण खरे आहे असे मी स्वतःच्या जबाबदारीवर सांगते." होय. नाही.

मी होय न वाचता दाबते. नेहमी. या वेळी वाचलं. तीनदा वाचलं. होय दाबलं असतं तर यादी खाली आली असती, परीक्षा संपली असती, मी कायम झाले असते. काका म्हणाले, "दाब गं. जेवणाची वेळ झाली." आवाज अगदी साधा होता, आणि त्यामुळेच मला कळलं की त्यांना माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे.

मी नाही दाबलं.

यंत्राने मलाच विचारलं, मग खरं कारण काय? मी लिहिलं. "काका चहाला गेले असताना लाल फाइल मी उघडली. यादी मी जतन केली. एकवीस दिवस सांगितलं नाही." शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. आता ते काकांकडे गेलं, पुष्टीला. काकांनी चष्मा पुसला. होय दाबलं.

पट्टी पिवळी झाली. दोनशे चौदा माणसं जशीच्या तशी आली.

मॅडमनी मामांची वही उघडून माझ्यासमोर धरली. त्या शुक्रवारच्या पानावर आधीच्या पानांतून झिरपलेला माझ्या चहाचा डाग, आणि डागाशेजारी काकांचं अक्षर. बाहेर अकरा पाच. आत अकरा पंचवीस.

"अठरा तारखेलाच बघितलं मी," त्या म्हणाल्या. "ती फाइल उघडण्यासाठीच ठेवलेली असते. दर तुकडीत कुणीतरी उघडतंच. त्याच दिवशी येऊन सांगतात, मी त्यांना पट्टी कशी चढते ते दाखवते, आणि पुढे त्यांच्याकडून तशी चूक होत नाही."

"मग मी..."

"तू त्या दिवशी आली नाहीस."

मी विचारलं, प्रमाणपत्र? म्हणाल्या, काकांना देते, उघडं ठेवून उठल्याची ताकीद लिहून. तुला देता येणार नाही. रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

जिन्यात मी काकांना गाठलं. "तुम्ही सांगितलं का नाही? गोदामात गेला असतात!"

"गेलो असतो," काका म्हणाले. "पण खुर्ची माझी, नाव माझं, उघडं टाकून गेलो मी. तेवढं तर खरंच होतं." दोन पायऱ्या उतरून थांबले. "आणि तुझ्या मनातलं मी कसं सांगणार? आपल्या वरचं वाचायचं नाही, शिकवलंय ना?"

मी रडायला लागले तर म्हणाले, "साखर आज बरोबर होती का?"

रविवार, ७

पट्टी अजून लिहिलेली नाही, खाली वाच.

दादाला सांगितलं. सगळं. मला वाटलं आरंभशूर म्हणेल. तो म्हणाला, "शेवटपर्यंत थांबलीस म्हणायचं." चिडवत होता की नाही ते कळलं नाही. उद्या त्याला कार्यालयात तोंड दाखवायचंय, माझ्यासाठी शब्द टाकला होता ना. ते तोंड मी घालवलंय.

काकांचा निरोप आला. खिळ्याला प्रमाणपत्र लागलं, थोडं तिरकं. आणि रेकॉर्ड रूममधले गठ्ठे गोदामात हलवायला कुणीतरी हवंय, रोजंदारीवर, येशील का? तिथे माणसं नसतात, पण गठ्ठे उघडले की परत बांधावे लागतात. मी हो म्हटलं. कितव्या दिवसापर्यंत, ते लिहीत नाही.

मग मी ही वही घेऊन स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "वहिनी, चौदा तारखेपासूनची पट्टी मला खाली आणायचीय. एकटीने करता येत नाही. दुसरा हात लागतो. आधी वाचायचं, मग सही करायची."

वहिनीने हात पुसले, पेन घेतलं आणि न वाचताच सही केली.

"अगं, वाच आधी!"

"वाचलंय मी," ती म्हणाली. "पंधरा तारखेलाच."

तेलाचं बोट.

"मग बोलली का नाहीस?"

"लाल होतं ना," वहिनी म्हणाली, आणि परत कामाला लागली.

चौदा तारखेपासून सगळं: हिरवी.